दोनच भाकरी

दिलेला शब्द पाळण्यातच माणसाची खरी उंची असते, असं आमच्या घरात मानलं जाई. माझ्या थोरल्या भावानं तो शेवटपर्यंत पाळला. उंची होती तेवढीच राहिली. घेर मात्र वाढत गेला.

दादा तुळजापूरच्या तहसील कचेरीत पेशकार होते. विलीनीकरणानंतर निजामाच्या काळातला तो हुद्दा गेला आणि दादा साधे कारकून झाले, कचेरीतली उर्दू गेली, वाटेत थांबून सलाम करणारेही कमी झाले. पोट तेवढं शिल्लक होतं, आणि लोक आता त्यालाच मान देत.

देवीच्या देवळात जाताना पायऱ्या उतरायच्या असतात, परतताना चढायच्या. एका मंगळवारी दादा परतताना मधल्या पायरीवर बसले आणि बराच वेळ त्यांना उठता येईना. मी त्यांना सोलापूरला डॉक्टरांकडे नेलं.

"भाकरी किती खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार."

"दोन खा. हे वजन तुमचं हृदय फार दिवस ओढणार नाही."

दादांनी तिथंच शब्द दिला. भाकरी केवढी, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. भाकरी मोजायची असते, मापायची नसते, अशीच आमची समजूत.

पहिले काही दिवस दादा अर्धपोटी उठले. गाल बसले. कचेरीत कुणीतरी म्हणालं, "पेशकारसाहेब, घरी वाढत न्हायत का?" ते वहिनींच्या कानावर आलं. पुढच्या बाजारात त्यांनी मोठा तवा घेतला.

महिन्यानं मी त्यांच्याकडे जेवायला बसलो, तेव्हा दादांच्या ताटाची कड दिसत नव्हती.

"वहिनी, ही एक भाकरी आहे?"

"एकच. गोळा एकच घेतला होता."

"केवढा?"

"भावजी, तुम्ही मास्तर आहात. मोजून बघा. दोनच आहेत."

दादा ताटातून वर न बघता म्हणाले, "वर चतकोरसुद्धा घेत नाही मी. विचार तिला."

ते खरंच होतं. वहिनींचा चेहरा कितीतरी दिवसांनी निवांत दिसत होता, म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. पण माझ्या ताटातही त्याच तव्यावरची भाकरी होती, आणि ती चांगली लागत होती.

दिवाळीच्या आधी दादा गेले. भेटायला येणारे म्हणत, शब्दाचा पक्का माणूस, पथ्य एक दिवस मोडलं नाही. वहिनी मान हलवत आणि लोक गेल्यावर मला विचारत, "मग असं कसं झालं, भावजी?"

तेराव्याला गिरणीवाला येऊन बसला. दोन भाकऱ्यांच्या पथ्याची गोष्ट त्यालाही कुणीतरी सांगितली.

"व्हय का?" तो म्हणाला. "दळण तर पहिल्याएवढंच यायचं."