कडेच्या कप्प्यांतले जंत

मेंढ्यांच्या पोटातले जंत मारणारं औषध शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. हे कळलं की इथल्या, लंडनच्या इल्फर्ड भागातल्या आमच्या मित्रमंडळींचा जेवतानाचा घास अडकतो. जुनी औषधं आता या जंतांना पचू लागली आहेत. म्हणून प्लास्टिकच्या ट्रेच्या चिमुकल्या कप्प्यांत जंतांची पिल्लं सोडायची, वेगवेगळी रसायनं घालायची आणि काही दिवसांनी बघायचं, कोण वळवळतंय आणि कोण थंड पडलंय.

यंदा एका रसायनापुढे सगळे थंड पडले. बॉसने केक आणला. प्रोजेक्ट वाढला की माझ्या नोकरीची मुदत वाढणार होती आणि तिच्यावर लटकलेला नवरा, मुलगी आणि मी, आम्हा तिघांचा व्हिसाही. मी केक बाजूला ठेवला आणि ट्रेची नोंदवही उघडली. ते रसायन ट्रेच्या अगदी कडेच्या रांगेत होतं. तव्यावर डोशाची कड आधी सुकते, तसं कडेच्या कप्प्यांतलं पाणी आधी उडतं, उरलेलं खारट होतं आणि जंत औषधाविनाच गळाठतात. एरवी आम्ही कडेला नुसतं पाणी भरतो. या वेळी घाईत बॉसनेच ते कप्पेही वापरायला लावले होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भांडी घासत होता.

"बॉस हॅपी आहे ना? मग तुलाच कसली खाज आहे?"

मला राग आला, कारण ट्रेनमध्ये मी स्वतःला तेच विचारत आले होते.

बॉसला सांगून ट्रे पुन्हा लावला, या वेळी रसायन मधल्या कप्प्यांत. मायक्रोस्कोपला डोळा लावताना मनात म्हणत होते, मरा रे एकदाचे. पण ते मजेत वळवळत होते. बॉसने माझे आभार मानले आणि आता मुदतवाढ कठीण आहे, असंही सांगितलं.

आमची मुलगी लहानपणी या जंतांसाठी रडायची. त्यांचीही मम्मी असेल, म्हणायची. आता तिचं जीसीएसईचं, म्हणजे इथल्या दहावीचं वर्ष आहे. त्या संध्याकाळी पुस्तक मिटून ती सगळं ऐकत होती. कदाचित मायदेशी परत जावं लागेल, इथपर्यंत मी आले.

"आई," ती म्हणाली, "मग तू त्यांना का नाही मारलंस?"