त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती

"तुमचे मिस्टर दारू पीत नाहीत," एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले. "त्यांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे." म्हणजे कपाळामागचा आणि कानशिलाकडचा मेंदू हळूहळू झिजत जाणं. मला आधी हायसं वाटलं, मग लाज वाटली.

माझे यजमान पांडेसऱ्यात लूम्सवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांवर, मास्तर होते. वय एक्कावन्न. दोन-अडीच वर्षांपूर्वी वागणं बिघडलं. पाहुण्यांच्या ताटातली जिलेबी उचलायचे, माझ्या आईच्या मयतीत मोठ्यानं हसले. पण कुठल्या लूमची काय खोड, ते तोंडपाठ. मग आजाराची शंका कुणाला येणार?

सासरे पंचाहत्तरीत नावं विसरायला लागले, गप्प बसून राहायचे. त्यांना सगळ्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. डॉक्टरांनी समजावलं, सासऱ्यांनाही बहुधा हाच आजार असावा; तो उतारवयात सुरू झाला तर विसरणंही बऱ्याचदा दिसतं, म्हणून घरचे ओळखतात. पन्नाशीत आला तर बहुतेक वेळा आधी वागणंच बदलतं, आणि लोक त्याला स्वभाव म्हणतात.

आम्ही दारू म्हटलं. भेस्तानला राहणाऱ्या मोठ्या दिरांनी निकाल दिला, "तो पेस, दुसरं काय नही." पितो, दुसरं काही नाही. यांच्या तोंडाला कधी वास आला नव्हता, तरी मी मान डोलावली. आमच्या खान्देशी रिवाजाप्रमाणे यांना सप्तशृंगीच्या गडावर नेलं, देवीपुढे दारू सोडल्याची शपथ घ्यायला लावली. यांनी हसत हसत घेतली. गड उतरताच पुन्हा तेच चाळे. देवीची शपथ मोडली म्हणून मी सात महिने अबोला धरला.

यांची नोकरी गेल्यावर मुलगी हट्टानं यांना न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तीन खेपा झाल्या. स्मरणशक्तीच्या चाचणीत हे चांगले पास झाले, तेव्हा बाकड्यावर बसून मी मनात म्हटलं, सगळं नाटक आहे.

औषधानं आजार थांबत नाही, धुसफूस जरा कमी होते. डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तुमच्या घरात ऐन उमेदीतलं माणूस असं बदललं, तर भांडण्याआधी तपासून घ्या.

घरी आल्यावर मी यांच्यासमोर बसले. म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही पीत नव्हता." त्यांनी ऐकलं आणि टीव्हीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्याचं दुःख कळणं या आजारात लवकर जातं, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे जो मला माफ करू शकला असता, तो माणूस त्या सात महिन्यांत थोडा थोडा जात होता, आणि मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

आता दिवसभर बोलते.