फळ्यावरचे नाव

सोमवार, १७ नोव्हेंबर २००३. त्या दिवशी दारूच्या दुकानातल्या फळ्यावर पॉलिशमास्तरांच्या नावासमोर एकशे त्रेचाळीस रुपये पन्नास पैसे मांडलेले होते. तारीख आणि आकडा, दोन्ही मास्तर झोपेतून उठवून विचारले तरी सांगतील. त्या संध्याकाळनंतर त्यांनी दारूला तोंड लावलेले नाही, आणि आकडाही एका पैशाने कमी झालेला नाही.

मास्तर लाकडाला पॉलिश करतात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून तो त्यात भिजवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचे, थरावर थर चढवायचे, असे हे काम. दिवसभर नाकाशी स्पिरिटचा वास. लोकांना वाटते, दारू सोडलेल्या माणसाला हा केवढा त्रास. पण मास्तरांना स्पिरिटची भीती कधी वाटली नाही. ते विष आहे हे हाताला ठाऊक असते. भीती वाटे ती हात धुतल्यानंतरच्या वेळेची, संध्याकाळी सहाच्या सुमाराची.

दुकानाची एक रीत होती, मालकाच्या वडिलांपासूनची. उधारीवाल्यांची नावे गल्ल्यामागच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायची. ज्याची उधारी त्यानेच येऊन ती फेडायची आणि ओल्या फडक्याने आपले नाव आपल्या हाताने पुसायचे. पुसून झाले की दुकानाकडून एक ग्लास फुकट. नवी उधारी त्या ग्लासापासून सुरू होई, हे वेगळे सांगायला नको.

त्या सोमवारी बायको त्यांना न्यायला आली होती, सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून. ती नेहमी बाहेरच थांबे. पण मुलगी हात सोडवून आत शिरली. नुकतीच अक्षरे जुळवायला शिकली होती, दिसेल ते वाचत सुटायची. बापाशेजारी उभी राहून तिने फळ्याकडे बोट केले आणि मोठ्याने वाचले, "पॉ... लि... श. बाबा, हे तुमचं नाव!"

कोणाच्या मदतीशिवाय तिने वाचलेला हा पहिला शब्द. दुकानातले सगळे हसले, एकाने तर टाळ्या वाजवल्या. मुलीला वाटले, शाबासकी मिळाली. मास्तर उठले आणि तिला उचलून जे बाहेर पडले ते घरापर्यंत थांबले नाहीत. खुंटीवरचा कोट तिथेच राहिला. उधारीही राहिली.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता ते शिंपीकाकांच्या खोलीत जाऊन बसले. शिंपीकाका जिन्यापलीकडे राहत. मंडळीतले सगळ्यात जुने वडील. म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे जे पाच जण असतात, त्यांतले एक. मशीनच्या खणात कात्री, खडू आणि पवित्र शास्त्र एकत्रच असे. त्यांनी उपदेश वगैरे काही केला नाही. समोर उसवायला एक पँट टाकली.

"हात चालू दे," ते म्हणाले. "कोट सोडून पळालास म्हणे?"

"राहिला तिथेच."

"बरं झालं. शास्त्रातला तो गुलाम नाही का, धन्याच्या बायकोने झगा धरला तेव्हा झगा तिच्या हातात सोडून पळाला. थांबून समजावत बसला नाही तिला. शहाणपण एवढंच. पळायचं."

"आणि पुढे?"

"पुढे काय, तुरुंगात गेला. त्याच झग्याचा पुरावा करून त्याच्यावर आळ घेतला." शिंपीकाकांनी दाताने दोरा तोडला. "पळणाऱ्याचं काहीतरी मागे राहतंच. आणि आणखी एक लक्षात ठेव. देवाच्या बागेतली ती पहिली बाई हरली केव्हा? फळ खाल्लं तेव्हा नव्हे. सापाला उत्तर दिलं तेव्हा. तू उत्तर देऊ नकोस."

मास्तरांनी मग पायांना वळण लावून घेतले. दुकानाची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने घरी यायचे. अकरा मिनिटे जास्त लागत. एकवीस वर्षे ती अकरा मिनिटे त्यांनी रोज मोजून दिली. ऊन असो, पाठ धरलेली असो, डब्याची पिशवी जड असो.

उधारी तेवढी सलत राहिली. पहिल्याच वर्षी बायकोने मनीऑर्डर केली. 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन ती परत आली. मग बायको स्वतः गेली. मालक उठून उभा राहिला, तिला खुर्ची दिली आणि म्हणाला, "वहिनी, फळा माझ्या वडिलांचा आहे. मास्तरांना पाठवा. दोन मिनिटांचं काम."

घरी येऊन ती म्हणाली, "तो पैसे मागतच नाहीये. तुम्हाला मागतोय."

त्यानंतर घरात त्या गोष्टीचे नाव निघाले नाही.

मागच्या वर्षी, पावसाळा संपता संपता, शिंपीकाका वारले. त्यांची जागा रिकामी झाली. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तरुण होते, मंडळीत येऊन त्यांना दीड वर्षच झाले होते. त्यांनी मास्तरांचे नाव सुचवले. मास्तरांनी ते बायकोला सांगितले तेव्हा तिने चुलीवरचे दूध उतू जाऊ दिले. नवऱ्याच्या नावाने मान वर करायची संधी तिला जन्मात पहिल्यांदाच आली होती. त्या आठवड्यात तिने त्यांचा पांढरा शर्ट दोनदा धुतला.

पण बैठकीत चिटणीस खाकरले. चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने वाईट नव्हे, पण कागदाला कागद लागला नाही तर त्यांना जेवण जात नसे.

"मास्तरांबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले. "पण त्यांचं नाव दारूच्या दुकानाच्या फळ्यावर अजून आहे. दरवर्षी फळ्याला रंग दिला की मालक ते नव्याने लिहितो. कोणाचं देणं ठेवू नये असं शास्त्रच सांगतं. मी नाही सांगत."

पाळकांनी मास्तरांना बाजूला घेतले. "काका, एवढंच ना? जा आणि पुसून या. पुढच्या रविवारी नाव जाहीर करू."

"माझ्याबरोबर याल?"

पाळक हसले. "मी? त्या दुकानात? मंडळी काय म्हणेल, काका?"

मुलगी आता दुसऱ्या शहरात शिक्षिका आहे. तिने फोनवरून मालकाला पैसे पाठवून पाहिले. तासाभरात ते परत आले, खाली हात जोडल्याचे चित्र.

"मी सुट्टी काढून येते," ती म्हणाली. "आपण दोघं जाऊ."

"नको," मास्तर म्हणाले. "तू त्या दारात एकदा आलीस तेवढं पुरे."

शनिवारी दुपारी साडेतीनला मास्तर निघाले. खिशात एकशे चव्वेचाळीस रुपये. पन्नास पैशांचे नाणे आता कोणी घेत नाही. बायकोला सांगितले, पॉलिश पेपर आणायला जातो. सकाळपासून ते खुशीत होते. दाढी करताना गुणगुणले, ब्रशने बूट झाडले. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला होतो तसा हा आनंद, असे त्यांनी धरले.

गल्लीच्या तोंडाशी पाय आपोआप लांबच्या रस्त्याकडे वळले. त्यांनी ते परत वळवले. शास्त्राचेच सांगणे आहे, ते मनाशी म्हणाले. देणे ठेवू नये.

दुकान होते तसेच होते. चार बाकडी, दिवसाही पेटलेला दिवा, ओल्या भुशाचा वास. गल्ल्यासमोरची लांब लाकडी फळी मास्तरांनीच कधीकाळी पॉलिश केली होती, मजुरी दारूच्या रूपाने घेऊन. तिच्यावर ग्लासांचे पांढरे डाग गोल गोल उमटले होते. लाखेवर दारू सांडली की असेच होते. त्यांच्या मनात आले, वरचा थर स्पिरिटने उतरवावा लागेल, दोन दिवसांचे काम आहे.

"या मास्तर," मालक म्हणाला. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "एकवीस वर्षं. मला वाटलं, माझ्या मयतीलाच येणार."

"पैसे आणलेत."

"माहीत आहे. चर्चमध्ये मोठे होताय म्हणे. छान झालं." त्याने फळीखालून ओले फडके काढून पलीकडच्या कडेला ठेवले. मग ग्लास काढला, भरला आणि अलीकडे ठेवला. "आधी पैसे, मग फडकं, मग हे. क्रम वडिलांचा."

"हे नको."

"नको तर पिऊ नका. दुकानाची रीत आहे, समोर असू द्या."

"उचला ते."

"अहो, ग्लास काय चावतो? एकवीस वर्षांचा सज्जन माणूस एका ग्लासाला घाबरतो होय?"

"घाबरत नाही मी."

"तेच म्हणतो मी. घ्या फडकं."

बाकड्यावरचे दोघे तिघे वळून पाहू लागले. फळ्यावर सर्वांत वर, ताज्या खडूने, 'पॉलिश – १४३.५०'. फडके ग्लासाच्या पलीकडे होते. हात लांब केला तर मनगट ग्लासावरून जाणार होते. मास्तरांनी हात लांब केला. वास मनगटावरून वर आला आणि तोंडात पाणी सुटले. साठी उलटलेल्या, देवभीरू माणसाच्या तोंडात, लहान मुलाच्या तोंडाला सुटावे तसे.

तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आपण उत्तरे देत आहोत. नको. उचला. घाबरत नाही. एकामागून एक. आणि सकाळपासूनची ती खुशी देणे फिटणार म्हणून नव्हती. गल्लीत शिरायला कारण मिळाले म्हणून होती. रानात उपाशी असलेल्या प्रभूपाशी सैतान आला तोही शास्त्रातले शब्द घेऊनच, असे शिंपीकाका म्हणत. मास्तरांना ते कधी नीट कळले नव्हते. कळले ते इथे, ग्लासावर हात असताना.

त्यांनी हात मागे घेतला. काही बोलले नाहीत. वळले आणि दारातून बाहेर पडले, आणि बाहेर पडल्यावर पळू लागले.

"अहो मास्तर," मागून मालक ओरडला, "कोट अजून आहे तुमचा."

कोणीतरी हसले. पळणाऱ्या म्हाताऱ्याला पाहून चहाच्या टपरीवरची माणसे उभी राहिली. त्यांत चिटणिसांचे शेजारी होते. मास्तर गल्लीच्या टोकाला भिंतीला धरून थांबले तेव्हा मुठीत एकशे चव्वेचाळीस रुपये होते, घामाने ओले.

घरी बायकोने दार उघडले. त्यांचे लाल झालेले तोंड, धाप, रिकामे हात पाहिले. पॉलिश पेपर नव्हता.

"कुठे गेला होता?"

"दुकानात. पुसायला. पुसलं नाही."

ती पुढे आली, आणि त्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊन तिने वास घेतला. पूर्वी रोज घ्यायची तसाच. वास नव्हता. ती मागे सरली, आपण काय केले हे तिचे तिलाच कळले, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावू लागली. भांडी लावलेलीच होती.

मास्तर बराच वेळ बूट न काढता बसून राहिले. मालकाचे बोलणे, लोकांचे हसणे, हे सगळे त्यांना सोसण्यासारखे होते. एकवीस वर्षे रोज अकरा मिनिटे, आणि तिने वास घेतला.

रात्री जेवताना ती खाली पाहून म्हणाली, "मी मुद्दाम नाही केलं."

"माहीत आहे."

"जागेचं काय आता?"

"जाईल."

"पाळकांना सगळं नीट सांगा की."

"काय सांगू? दुकानात गेलो होतो, हे खरंच आहे."

रविवारी उपासनेनंतर पाळकांनी चिटणिसांच्या मेहुण्याचे नाव जाहीर केले. मेहुणे भले गृहस्थ आहेत. बाहेर पायऱ्यांवर पाळकांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "काका, शनिवारचं मला कळलं. घडतं माणसाकडून. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन."

"करा," मास्तर म्हणाले. "गरज आहे."

पाळकांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. मास्तरांनी समजावले नाही. बायको पांढऱ्या शर्टाच्या पाठीकडे बघत दोन पावले मागून चालत होती. फाट्याशी ती सवयीने जवळच्या रस्त्याकडे वळली, मग थांबली आणि त्यांच्याबरोबर लांबच्या रस्त्याने आली. तिचे गुडघे दुखतात. त्या दिवशी अकराची सोळा मिनिटे लागली.

सोमवारी मास्तर कामावर गेले. एका जुन्या कपाटाच्या दारांना शेवटचा थर द्यायचा होता. सहाला हात धुतले. सहाची वेळ पूर्वी होती तशीच झाली आहे, पहिल्या वर्षासारखी. उसवायला पँट द्यायला आता शिंपीकाका नाहीत. मास्तर बोळा पिळतात, डबा बंद करतात आणि लांबच्या रस्त्याने निघतात.

दुकानाचे एकशे त्रेचाळीस रुपये पन्नास पैसे अजून देणे आहे.