पुठ्ठ्याचा आडोसा

आमच्या खेळात एक जण गोष्ट सांगायचा आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. कुणी गुहेत शिरायचं, कुणी पळायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जमलं की नाही ते फासा सांगायचा. सायबर कॅफेतून छापून आणलेलं नियमांचं पुस्तक माझ्याकडे होतं, म्हणून गोष्ट सांगणारा मी. सगळी अक्कलही माझ्याकडेच आहे, असा माझा समज होता.

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद असायचे. त्या दुपारी आम्ही चौघं आमच्या माळ्यावर जमायचो. त्यातला एक लूमवर कामाला होता, माझा शाळेपासूनचा मित्र. गोष्टीतला त्याचा योद्धा सगळ्यांत धाडसी, आणि तो स्वतः सगळ्यांत लाजरा.

सांगणाऱ्यानं आपले कागद आडोशामागे ठेवावेत, असं पुस्तकात होतं. एका शुक्रवारी मी खोक्याचा पुठ्ठा उभा केला आणि त्यामागून वाचू लागलो. वर एक नियम माझा: एकदाच सांगणार, परत विचारायचं नाही. तेव्हापासून मित्राचं काहीतरी बिनसलं. मी पूल तुटलाय म्हणून सांगावं आणि यानं नेमकं पुलावर पाऊल टाकावं. त्याचा योद्धा नदीत वाहून गेला तेव्हा मी खेकसलो, "ध्यान कुठं असतं तुझं? खेळायचं नसेल तर घरी बस!"

तो खरंच घरी बसला.

दोन शुक्रवार आम्ही तिघंच खेळलो. नियम सगळे पाळले, मजा मात्र औषधालाही नव्हती. शेवटी मी नाक मुठीत धरून त्याच्या घरी गेलो. दारात त्याची आई भेटली.

"आयकू कमी येतं रं त्याला, लूमच्या आवाजानं. कोनाला सांगत न्हाय. समोरच्याचं तोंड बघून समजून घेतो. आन् तू पुठ्ठ्यामागं बसतोस म्हनं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुठ्ठा येण्याआधी तो माझ्याकडे टक लावून बघायचा आणि मला वाटायचं, माझी गोष्टच तशी रंगते.

पुढच्या शुक्रवारी त्याला हाताला धरून आणलं. पुस्तकाप्रमाणे त्याचा योद्धा मेलेला होता. "नदीनं त्याला काठाला लावलंय," मी जाहीर केलं, आणि बाकीच्या दोघांनी हूं की चूं केलं नाही. पुठ्ठा खाली टाकून मी त्यावर बसलो. माझे कागद सगळ्यांसमोर उघडे पडले होते. कुणीही तिकडे बघितलं नाही.

"पूल तुटलाय," मी त्याच्याकडे बघत सावकाश म्हणालो.

"मग पोहून जातो," तो म्हणाला.

मी फासा मागितलाच नाही.