चिंचेवर एकच ढोकरी

“हालू नका, सर.”

मागे न बघताच ताईंनी डावा हात उचलला आणि मी मोटारसायकलवरून एक पाय टेकवून तसाच थांबलो. फाटक बंद होतं. रुळाकडेच्या खडीत एक टिटवी अंड्यांवर बसली होती, खडीच्याच रंगाची. मालगाडी तिच्यापासून चार हातांवरून धडधडत गेली, पण ती जागची उठली नाही.

“गाडीला भेत न्हाई ती,” त्या म्हणाल्या. “माणसाला भेती.”

मुदखेडजवळच्या त्या रेल्वे फाटकावर ताई गेटकीपर होत्या. मी पलीकडच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, रोज दोनदा फाटक ओलांडायचो. अशा फाटकांवर तुम्हीही थांबला असाल, घड्याळ बघत, हॉर्न वाजवत. मीही वाजवायचो. ताईंमुळे सुटलं.

त्यांचे यजमान गँगमन होते. रुळावर काम करतानाच गेले. त्यांच्या जागी ताईंना नोकरी लागली, तेव्हा थोरली मुलगी शाळेत होती आणि धाकटी कडेवर. आता थोरलीचं लग्न झालं होतं, धाकटी नांदेडला नर्सिंग शिकत होती. एवढंच त्यांनी सांगितलेलं, तेही तुकड्यातुकड्यानं.

दिनदर्शिकेवर लोक दुधाचे खाडे लिहितात. ताईंच्या केबिनमधल्या दिनदर्शिकेवर दसऱ्याच्या आसपास ‘धोबी आला’ असं असायचं, हुरड्याच्या दिवसांत ‘भोरड्यांचे थवे, लई’. एकदा तपासणीला आलेले साहेब त्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा धोबी कोण? ड्यूटीवर बाहेरचा माणूस येतो?”

“दरसाल येतो साहेब,” ताई म्हणाल्या. “शेपूट हलवत.”

साहेब हसले नाहीत. पण जाताना खांबावर बसलेल्या पाखराकडे त्यांनी दोनदा वळून बघितलं.

त्या श्रावणात केबिनमागच्या चिंचेवर ढोकरीच्या जोडीनं घरटं केलं. एरवी डबक्याकाठी मातीच्या रंगात पोक काढून उभी असते ना, तीच बगळ्याची जात. विणीच्या दिवसांत मात्र तिच्या पाठीवर गडद तांबूस रंग चढतो. घरट्यात तीन पिल्लं होती. दोघं आळीपाळीनं चारा आणायची.

एका संध्याकाळी शाळेतून परतताना ताई रस्त्यातच उभ्या दिसल्या. ड्यूटी दोनलाच संपली होती. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली.

“सर, सकाळपासून एकच पाखरू येऊन राहिलं. दुसरं न्हाई. शोधत फिरले. सापडलं. चला.”

हळदीच्या रानापलीकडे एक शेततळं होतं, काळी पन्नी अंथरलेलं, पावसानं काठोकाठ. आत मासे सोडलेले आणि वरून नायलॉनची जाळी. जाळीचा एक कोपरा सुटून पाण्यावर लोंबत होता. त्यात ढोकरी एका पंखानं अडकून लटकली होती. चोच उघडी, मान अधूनमधून हलत होती. मालक नांदेडला गेलेले. फोन लागेना.

ताईंनी पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून दोर आणि विळा आणला, दोर कमरेला बांधलाही.

“ताई, हे शेवाळ बघा. असल्या तळ्यात उतरलेला माणूस वर येत नाही.”

“म्हणून तर तुमाला आणलं.”

मी दोराचा जाळीच्या लोखंडी खांबाला एक वेढा दिला आणि टोक मुठीत धरलं. दातांत विळा धरून त्या पोटावर झोपल्या आणि पाय सोडून घसरल्या. पाणी छातीला, मग गळ्याला लागलं. एका हातानं जाळी धरून त्या कापू लागल्या. पाखरानं चोच मारली. भुवईवरून रक्त आलं. त्यांनी डोक्याचा स्कार्फ ओढून त्याच्या तोंडावर टाकला, उरलेले धागे तोडले आणि ते गाठोडं वर काठाकडे फेकलं.

तेवढ्यात ओल्या मातीतून खांबच उपटून आला.

दोर माझ्या तळहातांतून सरकला. ताई पाण्याखाली गेल्या. मी टाचा मुरमात रोवून बसलो, ओढलं. डोकं वर आलं, पुन्हा गेलं. त्यांचे हात पन्नीवर फक्त घसरत होते. माझ्या मुठी सुटत चालल्या होत्या.

अचानक माझ्यामागे दोराला आणखी दोन हात लागले. मालक परतले होते. आम्ही दोघांनी मिळून ताईंना पोटावरून फरफटत काठावर आणलं.

मग मालकांचा आवाज फुटला. “मेल्या असत्या तुम्ही! पाखरापायी? तुमच्या लेकींना मी काय सांगितलं असतं?”

“चुकलंच माझं, दादा.” ताईंनी पदरानं भुवई दाबली. “पर एकट्यानं लेकरं मोठी करायला लई जड जातं हो.”

मालकांनी मान फिरवली.

स्कार्फ सोडला तेव्हा ढोकरी एका अंगावर कलंडली, मग उभी राहिली. डावा पंख लोंबतच होता. मी पुढं सरकलो. “हालू नका,” ताई कुजबुजल्या. आम्ही तिघं चिखलानं भरलेल्या कपड्यांनी बसून राहिलो. दिवस मावळताना तिनं पंख झटकला, दोनदा उडी मारली आणि हळदीच्या पानांना घासत, खालून खालून चिंचेकडे गेली. तिकडून पिल्लांचा कलकलाट ऐकू आला, तेव्हा कुठं ताई थंडीनं कुडकुडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी जाळी ताणून बांधली आणि तळ्याच्या चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडले. कापलेल्या जाळीची भरपाई म्हणून ताई मदतीला गेल्या होत्या. मीही गेलो, पट्ट्या बांधलेल्या हातांनी.

पुढं रुळाखालून रस्ता झाला, फाटक कायमचं बंद झालं. ताईंची बदली लांबच्या फाटकावर झाली. निरोप द्यायला मी मुदखेड स्टेशनवर गेलो. सामान चढवून त्या डब्याच्या दारात उभ्या राहिल्या. मी काहीतरी चांगलं बोलायचं ठरवून आलो होतो. सुरुवातही केली. पण ताईंचं लक्ष माझ्या खांद्यावरून मागे लागलं होतं, डोळे बारीक झाले होते.

मी वळलो. सिग्नलच्या तारेवर एक लहानसं करडं पाखरू बसलं होतं, गळ्याशी पिवळसर. मी ते कधी पाहिलेलं नव्हतं.

नाव विचारायला परत वळलो, तर गाडी सुटली होती.