तेहतीस अनारसे आणि ‘नंबर’चे पर्यायी शब्द

इंग्रजीतल्या ‘नंबर’ या शब्दाला पर्यायी शब्द कोणते आणि त्यातला कुठला कुठे वापरायचा, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. सध्या आमच्या घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाही, त्याचं कारण हेच आहे.

मी सोनपेठला शाळेत इंग्रजी शिकवतो. लेकीच्या लग्नानंतर यंदा पहिल्यांदाच धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना आला. या महिन्यात आमच्याकडे जावयाला जेवायला बोलावतात आणि तेहतीस अनारशांचं वाण देतात. बत्तीस नाही, चौतीस नाही, तेहतीसच! त्यात लग्नाच्या वेळी रुखवतातले अनारसे बघून पेडगावच्या विहीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, ‘‘दुकानातले दिसायलेत.’’ ते दुकानातलेच होते, म्हणून आमच्या सुनंदाबाईंना जास्तच लागलं.

या वेळी सुनंदाने स्वतः तांदूळ भिजवले, वाळवले, कुटले, गूळ घालून पीठ मुरवलं. पहिले घाणे तुपात पडले की विस्कटायचे. (याला बायका ‘अनारसा हसला’ म्हणतात. करणारी मात्र रडकुंडीला येते.) अखेर तेहतीस अनारसे जमले. जाळीदार, खुसखुशीत, खसखस कशी मोत्यासारखी बसलेली! ते डब्यात भरताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी आमच्या लग्नानंतर फारसं पाहिलेलं नाही.

रविवारी सकाळी ती जावयाचे कपडे आणायला बाजारात निघाली. जाताना म्हणाली, ‘‘अहो, डब्याला हात लावू नका. येकबी जास्तीचा न्हाई.’’

‘‘मी कशाला लावतो?’’ मी म्हणालो, आणि ते अगदी मनापासून म्हणालो.

रविवारी माझ्या ओसरीवर पोलीस भरतीच्या पोरांचा इंग्रजीचा वर्ग असतो. पोरं पहाटेपासून मैदानावर धावून थेट माझ्याकडे येतात. (उपाशी येतात, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.) त्या दिवशी धडा होता ‘नंबर’चा. मी रंगात येऊन सांगत होतो, ‘‘एक, दोन असं मोजता येतं, त्याला ‘नंबर’. तसं मोजता येत नाही, त्याला ‘अमाउंट’. ‘क्वांटिटी’ दोन्हीकडे चालतं. सगळं मिळून ‘टोटल’!’’

पोरं भिंतीकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती.

‘‘सर, काय बी कळंना झालंय. उदाहरण द्या की.’’

उदाहरण म्हटलं की माझं भान सुटतं! मी आत गेलो. कणकेचा डबा आणला आणि हो, तो दुसरा डबाही आणला.

‘‘हे पीठ. अमाउंट! हे अनारसे. नंबर!’’

झाकण उघडलं, तुपाचा वास सुटला आणि पोरांच्या डोळ्यांत ज्ञानाची अशी भूक दिसली की मला भरूनच आलं.

‘‘अ लार्ज नंबर ऑफ अनारसे, सर!’’ एकजण ओरडला.

‘‘शाब्बास!’’ म्हणून मी त्याच्या हातावर एक अनारसा ठेवला. एकाने काय होतंय!

मग मात्र बरोबर उत्तरांचा नुसता पाऊस पडला. दोन वर्षं ‘मेनी वॉटर’ म्हणणारं पोरगं ‘अ स्मॉल अमाउंट ऑफ वॉटर’ म्हणालं. मी कुणाला नाही म्हणणार? माझ्या उभ्या नोकरीत इतकी बरोबर उत्तरं मला मिळाली नव्हती.

वर्ग सुटला आणि डब्यात सतरा उरले.

दुकानातले आणावेत, तर विहीणबाईंची नजर! आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली. सोळा अनारसे मधोमध मोडले. झाले बत्तीस. वर एक आख्खा ठेवला. तेहतीस! अमाउंट घटली, पण नंबर बरोबर. ते ताटात मांडून वर रुमाल झाकला, बाजारातून आलेल्या सुनंदाला ‘वाण मांडून ठेवलंय’ म्हणून सांगितलं आणि खरं सांगतो, स्वतःवर खूशही झालो.

दुपारी जावई, लेक आणि विहीणबाई आल्या. जेवणं झाली. सुनंदाने ताटाशेजारी दिवा ठेवला, विहीणबाईंकडे एकदा अभिमानाने पाहिलं आणि रुमाल काढला.

‘‘अगं बाई, अर्धे हायेत की!’’ विहीणबाई म्हणाल्या.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसायला हवं होतं. पण मी घसा खाकरून विहीणबाईंना ‘नंबर’ आणि ‘अमाउंट’मधला फरक समजावून सांगितला!

‘‘असंल बाबा,’’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘‘आमच्यात जावयाला आख्खं द्यायची रीत हाय. खंडित देत न्हाईत.’’

जावई बिचारा अर्धा तोंडात टाकून म्हणाला, ‘‘मामी, लय भारी झालेत.’’ पण ते ऐकायला सुनंदा तिथे नव्हती. ती आत जाऊन भांडी घासत होती, घासलेलीच भांडी.

‘‘पप्पा, आईनं किती दिवस खपून केले होते ते,’’ लेक एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. ते अनारसे खरोखर सुंदर झाले होते आणि हे विहीणबाईंना कळायलाच हवं होतं. आता पुढचा धोंड्याचा महिना यायला जवळजवळ तीन वर्षं आहेत.

परवा वर्गात एका पोराने विचारलं, ‘‘सर, रागाला काय लावायचं? नंबर का अमाउंट?’’

मी हळूच आत बघितलं. स्वयंपाकघरात पातेलं जरा जोरातच आदळलं.

‘‘अमाउंट,’’ मी म्हणालो. ‘‘आणि बाळा, त्याचं उदाहरण मागू नकोस.’’