इबिरोंकेचा रुपेरी ब्लाउज

आमच्या इजेबू-ओडे गावात लग्नाला जायचं म्हणजे लेस हवी, जाळीदार विणीचं कापड, आणि तीही बेताची. लग्नघरच्यांनी ठरवलेलं कापड सगळ्या पाहुण्यांनी घ्यायचं, आपापल्या शिंपिणीकडे टाकायचं, आणि चारचौघींत उठून दिसायचं, पण नवरीहून नाही. हे 'पण' सांभाळण्यात माझी सगळी उमर गेली. गळा किती खोल, बाही किती फुगीर, खडे लावायचे की नाहीत, यावरून सख्ख्या बहिणींनी माझ्या दुकानात एकमेकींशी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय.

इबिरोंके ही एकच बाई अशी, जिला उठून दिसायचंच नसायचं. बाजारात गारीचं, म्हणजे कसाव्याच्या रव्याचं, दुकान तिचं. आमची इजेबूची आंबट गारी, बारीक चाळलेली, आणि तिच्यासारखी चाळणारी दुसरी कोणी नव्हती. उंचीपुरी, चार मुलग्यांची आई, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडून गिऱ्हाईक वळावं. पण लग्नाचं कापड घेऊन माझ्याकडे आली की आवाज खाली यायचा. बाही सरळ, गळा बंद, कंबर ढिली. मी म्हणायची, अगं हे काय शिवायचं, गारीचं पोतं? ती म्हणायची, तसंच हवंय.

एवढ्यावर भागायचं नाही. शिवलेली नवीकोरी लेस ती घरी नेऊन चहाच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे रंग मळकट व्हावा. पहिल्यांदा मला हे कळलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझ्या हातच्या शिलाईवर चहा! लग्नात ती मांडवाच्या खांबामागे बसायची, डोक्याचा फेटा भुवयांपर्यंत ओढून. ढोलवाले तिच्या रांगेकडे वळले की ही उठून भाताच्या पातेल्यांकडे, स्वयंपाकिणींत जाऊन उभी राहायची. तरुणपणी ती काय नाचायची ते मी पाहिलंय. गावात तिच्या तोडीची नाचणारी नव्हती.

आणि मांडवात बसल्यापासून ती दाराकडे बघत राहायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, नवऱ्याची वाट बघते. मला माहीत होतं ती कोणाकडे बघते. तिनेच सांगितलं होतं मला. प्रत्येक लग्नात दारात आसाबी उभी असायची.

आसाबी तिची मैत्रीण. दोघी एका अंगणात वाढल्या, एका बाकावर शिकल्या. देशात तेलाचा पैसा नुकता खुळखुळायला लागला होता, त्या वर्षांत आसाबीचं लग्न ठरलं. घरच्यांनी दिवसाचा रंग दुधी ठरवला. पाहुण्यांना साधी दुधी लेस, आणि नवरीला तीच दुधी, पण फुलांच्या कडेनं रुपेरी धागा भरलेली. नवरीचंही मीच शिवलं आणि इबिरोंकेचंही. माझं दुकान नवं होतं, सहा महिन्यांचं. आसाबीच्या आईने विश्वासाने अख्खं कापड माझ्या हवाली केलं होतं.

पुढचं मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी इबिरोंकेच्या ब्लाउजवर कोळशाची इस्त्री मी जरा जास्त वेळ ठेवली. लेस कापसासारखी नसते, क्षणात आकसते. पाठीला तळहाताएवढं भोक पडलं. पाहुण्यांचं कापड संपलेलं. नव्या दुकानाचं नाव जाणार होतं. नवरीच्या कापडातून बेतून कापलं होतं, त्यामुळे ब्लाउजपुरतं उरलं होतं. ते मी तिच्या मापानं शिवून टाकलं. म्हटलं, धागा किती बारीक आहे, कोण बघतंय.

संध्याकाळी ती न्यायला आली. ब्लाउज उन्हाकडे धरून म्हणाली, "सिजुवादे, हे माझंच कापड आहे ना? चमकतंय."

मी म्हटलं, "नीट इस्त्री केली की लेस अशीच दिसते."

ती खूश झाली. आपल्या कापडात इतकी झळाळी होती हे आपल्यालाच कळलं नाही, असं म्हणत गेली.

दुसऱ्या दिवशी आसाबी आत तयार होत होती. ढोलवाले एपे गावाहून आणलेले, त्यांनी नवरीला कधी पाहिलेलं नव्हतं. इबिरोंके पाण्याचा जग घेऊन अंगणातून निघाली. सगळ्या साध्या दुधी बायकांत रुपेरी झळकणारी ती एकटी. ढोलवाल्यांना वाटलं, नवरी आली. त्यांनी तिला घेरलं आणि आसाबीच्या घराण्याचं कौतुक सुरू केलं. आजोबापणजोबांची नावं घेतली. आमचे ढोल शब्द बोलतात; त्यातून मग आशीर्वाद निघाले: तुझी मांडी लेकरांनी भरो, तुझी सगळी लेकरं जगोत, तू म्हातारी हो. दूरगावच्या काकालोकांनी पुढे होऊन रीतीप्रमाणे तिच्या कपाळावर नोटाही चिकटवल्या.

ती थांबवू शकली असती. हात वर करून म्हणायचं, अहो मी नव्हे. पण ढोल अंगात भिनलेला, अंगणभर माणसं टाळ्या वाजवणारी, आणि वय तेवीस. ती पूर्ण गाणं नाचली. संपवून वळली तर दारात आसाबी उभी होती, तोंडावरचा पडदा हाताने वर धरून.

चूक कळल्यावर ढोलवाल्यांनी कान पकडले, पुन्हा वाजवलं. पण तेच आशीर्वाद तासाभरात दुसऱ्यांदा वाजले की शिळे वाटतात. मी तिथे होते, मलाही वाटले. जेवणाच्या वेळी इबिरोंके माफी मागायला गेली तर आसाबीने तिच्या ब्लाउजवरून एकदा बोटं फिरवली आणि एवढंच म्हणाली, "छान नाचलीस."

तीन वर्षांनी आसाबी पहिल्याच बाळंतपणात गेली. मुलगी जगली, तेनिओला. त्याच्या आगेमागे काही वर्षांत इबिरोंकेला एकामागून एक चार मुलगे झाले आणि चारही धडधाकट. ढोल जे जे म्हणाला होता ते ते तिच्या पदरात पडलं. तिने तसा हिशेब लावला. मुलांची तिला भीती वाटायची. मुलं झोपली की श्वास चालू आहे ना, हे हात लावून बघायची. वर म्हणायची, ही दुसरीची आहेत, कधी मागायला येईल सांगता येत नाही.

या सगळ्या काळात ती माझ्याकडे येत राहिली आणि मी तिची चेष्टा करत राहिले. आज वाटतं, चेष्टा नसती केली तर एखाद्या दिवशी माझ्या तोंडातून खरं बाहेर पडलं असतं.

तेनिओलाला तिच्या आजीने वाढवलं. आजी गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी पोरीचं लग्न ठरलं. आमच्यात नवरी पडद्याखाली नाचत येते आणि आईबापांच्या पायाशी गुडघे टेकते. ते डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, मग ती नवऱ्याकडच्यांत जाऊन बसते. आईची खुर्ची रिकामी ठेवत नाहीत. आणि त्या खुर्चीतल्या बाईची लेस पाहुण्यांहून वेगळी, भारी असते.

तेनिओला माझ्या दुकानात आली तेव्हा इबिरोंके नेमकी तिथेच होती आणि मी तिच्या दंडाचं माप घेत होते. पोर सरळ तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. म्हणाली, "मावशी, आईच्या खुर्चीत तुम्ही बसा. आईची अशी दुसरी कोणी नव्हती म्हणतात."

इबिरोंकेने दंड माझ्या हातातून काढून घेतला. ती म्हणाली की तिला जमणार नाही. पोरीने हट्ट धरला, आत्या आहेत पण त्यांनी आईला पाहिलंही नव्हतं फारसं. तेव्हा इबिरोंके म्हणाली, "तुझ्या आईच्या जागी मी एकदा उभी राहिले होते गं. त्याचं काय झालं ते तुला माहीत नाही."

आणि तिने सगळं सांगितलं. ढोल, गाणं, दारातली आसाबी, चार मुलगे. सांगता सांगता माझ्याकडे वळून म्हणाली, "हिला विचार. कापड सगळ्यांचंच होतं, पण माझ्या अंगावर वेगळं चमकलं. घालतानाच मनात आलं होतं, हे जास्त होतंय. तरी घातलं. काय गं, तूच शिवलंस ना?"

टेप माझ्या हातात होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हटलं, "हो, मीच शिवलं."

तेनिओला अजून गुडघ्यांवरच होती. मला वाटलं आता उठून जाईल. मग ती म्हणाली, "मावशी, ते तुमच्याकडे आईचं राहिलंय असं तुम्हाला वाटतं ना? मग मला द्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून द्या."

इबिरोंके तयार झाली, पण लग्नापर्यंत तिला झोप नव्हती. मी देते आणि ते लागलंच नाही तर? पोरगीही आईसारखी गेली तर? कापड बेतायला आली की हेच विचारायची. लेस जांभळी होती, गडद. मी त्यात जीव ओतला. पहिल्यांदाच तिने चहाचं नाव काढलं नाही.

लग्नाच्या दिवशी ती खुर्चीत बसली तेव्हा बायका वळून वळून बघत होत्या. ढोलवाले तिच्यापुढे आले. तिने हात वर केला, म्हणाली, आधी आसाबीचं नाव वाजवा, मी नंतर. ढोल आसाबीच्या नावाने बोलला. मांडवातल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. तेनिओला पडद्याखाली नाचत आली, गुडघे टेकले. इबिरोंकेने दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. मी तिच्या अगदी मागे उभी होते, तिचा फेटा सावरायला, म्हणून मला ऐकू आलं.

"तुझ्या आईच्या नावाने ढोल वाजला आणि मी तो ऐकून घेतला. चार झाली मला, चारही जगली. आता जे तिचं होतं ते तुझं. तुझी लेकरं जगोत. तू म्हातारी हो. मी ठेवून घेतलेलं नाही काही."

मग ती उठली आणि नाचली. त्या वयात, त्या जांभळ्या लेसमध्ये. नाचता नाचता तिने दाराकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला. माझ्याजवळ येऊन धापा टाकत म्हणाली, "गेली गं ती. दारात कोणी नाही."

मी दाराकडे पाहिलं.

आसाबी तिथेच होती. मी शिवलेल्या दुधी लेसमध्ये, पडदा हाताने वर धरून. ती इबिरोंकेकडे बघतच नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती.

तेनिओलाला आता दोन मुलं आहेत आणि ती ठणठणीत आहे. इबिरोंके दर लग्नाला नवी लेस आणते, मागच्याहून भडक. मला तिला सांगावं लागतं, बाई, नवरीला राहू दे काही. ती हसते, माझा हात धरून मला ढोलाकडे ओढते आणि विचारते, हल्ली तू का गं नाचत नाहीस, सारखी दाराकडे काय बघतेस.

मी म्हणते, गुडघे दुखतात.